रुमालाखालचा हात

१

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. दोघं समोरासमोर बसत, मांडीवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली हातात हात घालत. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, दाबली की नुसती चाचपली, यावर भाव ठरे. वर तोंडानं लढाईच्या नाहीतर पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या असत आणि खाली एखाद्याची वर्षाची कमाई इकडची तिकडं होई. घेणाऱ्यानं समोरच्याचा सगळा पंजा मुठीत घेतला की सौदा पक्का. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही, आणि मोडायची तर सोयच नाही.

या बाजारात नानासो उगारे यांच्या हाताला तोड नव्हती. डोळे मिटून सौदा करायची त्यांची ढब होती. "डोळं उगडं ठेवलं की मानूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतोय, आन् तोंड लबाड असतंय," असं ते म्हणत. हात मात्र लबाड नसतो, असा त्यांचा विश्वास. बाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याचा हात ते नुसत्या स्पर्शावरून ओळखत. आणि घासाघीस करावी तर त्यांनीच. भाजीवालीपासून देवळातल्या गुरवापर्यंत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं.

मोठ्या लढाईनं जगाचं जे वाटोळं केलं ते केलं, नानासोंचं मात्र भलंच केलं. गावात साखरेसाठी रांगा लागत होत्या तेव्हा यांच्या घरी तिन्ही त्रिकाळ बासुंदी आटत होती. हरिपूरच्या वाटेवर नदीकाठी त्यांनी एक बंगली बांधली होती. घर म्हणून नव्हे, नुसती चैन करायला. तिथं गोव्याच्या बाटल्या येत, लखनौचा खानसामा राबे, अंगाला अत्तर चोळायला वेगळा माणूस होता. पूर्वी या बैठका रात्रीच्या असत. पण कुंडलच्या बाजूला पोरांनी सरकारविरुद्ध उचल खाल्ली होती आणि काळ्या बाजारात हात धुऊन घेणाऱ्यांवरही त्यांची नजर असते अशी बोलवा होती. तेव्हा रात्रीचं बाहेर राहणं बंद झालं आणि चैन दुपारवर आली.

बैठकीला दोघंच खास असत. एक दादासो, तेही हळदीतले, घामट हाताचे आणि मोठ्या मिशांचे. दुसरे कुतुबुद्दीन शेठ, मिरजेचे शेंगतेलवाले, बोलायला गोड आणि झोपायला त्याहून गोड. खाऊनपिऊन झालं की तिघांना कंटाळा येई. सगळं मिळणाऱ्या माणसाचा कंटाळा फार वाईट. त्या कंटाळ्यातूनच त्यांनी एक खेळ काढला होता. त्याचं नाव आंधळा सौदा.

त्याची रीत उलटी होती. रुमालाखाली भाव आधी ठरवायचा, मूठ आवळून सौदा पक्का करायचा आणि मग घेणाऱ्यानं माल कोणता ते सांगायचं. जे मागेल ते विकणाऱ्यानं निमूट द्यायचं. असं करत नानासोंचा पांढरा घोडा मिरजेला गेला होता, कुतुबुद्दीन शेठांचा ग्रामोफोन सांगलीला आला होता आणि एकदा तर नानासोंनी दादासोंची मिशीच विकत घेऊन तिथल्या तिथं न्हाव्याकडून उतरवून नेली होती. दादासो त्या दिवशी रडले होते. बाकीचे दोघं हसून हसून लोळले होते.

विनोदिनीला, म्हणजे नानासोंच्या बायकोला, हा खेळ मुळीच आवडत नसे. ती वाईची, शांत बोलणारी. "अहो, काय विकतोय ते माहीत नसताना हो म्हणायचं, हा कसला खेळ?" ती विचारी. नानासो हसण्यावारी नेत. या माणसाला जगात कशाचीच किंमत नव्हती, म्हणजे सगळ्याची किंमत ठाऊक होती. अपवाद एकच, मुलगी शरयू. पाचगणीला बोर्डिंगच्या शाळेत होती, तिसरीतली एवढीशी पोर. ती सुट्टीला घरी आली की हा माणूस चार पायांवर घोडा होऊन दिवाणखान्यात फिरे. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि तो जीव खरा होता.

२

चैत्रातली दुपार. बंगलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडले होते आणि गडी बाहेरून त्यांच्यावर पाणी मारून गेला होता. आत ओला, गारसर अंधार. तबकडी संपून ग्रामोफोनची सुई नुसतीच खरखरत होती आणि उठून ती उचलायचे कष्ट कुणी घेत नव्हतं. कुतुबुद्दीन शेठ लोडावर मान टाकून घोरत होते.

"चला दादासो, हुन जाऊ द्या एक," नानासो म्हणाले. त्यांनी मांडीवर रेशमी रुमाल पसरला, हात खाली घातला आणि नेहमीसारखे डोळे मिटून घेतले.

दादासो काहीतरी पुटपुटले. समोर गादी दबल्यासारखी वाटली. मग हातात हात आला.

हात गार होता. दादासोंच्या हाताला बारा महिने घाम, हा मात्र कोरडा ठणठणीत. हळदीत वावरणाऱ्याच्या बोटांना एक खरखर असते, तीही नाही. अंगठी नाही, घट्टा नाही. पावडर लावून आलाय लेकाचा, मला चकवायला, असं नानासोंच्या मनात आलं आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. गंमत म्हणून त्यांनी असा भाव दाबला की ऐकणाऱ्यानं झटक्यात हात मागं घ्यावा. तो भाव हळदीला कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता.

हात मागं गेला नाही. बोटं चाचपली नाहीत, कमी करून मागितलं नाही, विचारही केला नाही. नानासोंचा पंजा अलगद, सगळाच्या सगळा, मुठीत घेतला गेला.

सौदा पक्का झाला होता. नानासोंना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. घासाघीस न करता घेणारा म्हणजे आपणच कमी मागितलं की काय? त्यांनी डोळे उघडले. "आता माल सांगा की," असं म्हणायला तोंडही उघडलं.

समोरची गादी रिकामी होती.

कुतुबुद्दीन शेठ तसेच पलीकडं घोरत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दादासो ओले हात धोतराला पुसत वर आले. "थांबा म्हनलं न्हवं का, हात चिकाट झाल्यात आंब्यानं. धुऊन आलो." ते म्हणाले आणि तिथंच थबकले. ते नानासोंच्या मांडीकडं बघत होते.

नानासोंनीही खाली पाहिलं. रुमाल फुगलेला होता. एक हात झाकेल तेवढा नव्हे, दोन हात झाकेल तेवढा. त्यांच्या पंजाभोवतीची मूठ अजून तशीच आवळलेली होती. मग ती सैल झाली आणि रुमाल हळूहळू खाली बसला.

३

माणसाला अक्कल दिलेली असते ती अशाच वेळी वापरायला, आणि नानासोंनी ती भरपूर वापरली. हात बधिर झाला असणार. बधिर हाताला दुसऱ्याचा हात धरल्यासारखं वाटतं, हे कुणालाही माहीत आहे. दारू सकाळपासून पोटात होती. रेशमी रुमाल फुगतोच, वाऱ्यानंसुद्धा. वारा नव्हता, पण कधीतरी झुळूक येते की.

"काय बघितलं तुमी?" त्यांनी दादासोंना विचारलं.

"काय न्हाई," दादासो म्हणाले. त्यांनी पुन्हा गादीवर बसायला नकार दिला. कामाचं निमित्त सांगून गेले आणि जाताना चपला विसरले.

घरी जाऊन नानासोंनी दिव्याखाली हात धरला. हळदवाल्याचा तळहात जन्मभर पिवळा असतो. साबणानं घासा, राखेनं घासा, रेषांमधला पिवळेपणा जात नाही. नानासोंचा डावा हात तसाच होता. उजवा पांढरा स्वच्छ होता, नुकत्या जन्मलेल्या पोराचा असावा तसा.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी मुद्दाम हळदीच्या ढिगात उजवा हात कोपरापर्यंत खुपसला. मनगटावर, कोपरावर पिवळा रंग बसला. तळव्यावर बसला नाही.

४

मग वळीव आला, आणि नुसता आला नाही, कोसळला. हरिपूरला जमिनीखाली पेवं असतात, खोल विहिरीसारखी. त्यांत हळद वर्षानुवर्षं साठवतात. त्या माळावर पाणी सहसा मुरत नाही. त्या पावसात मुरलं. दादासोंची पेवं उघडली तेव्हा आतून कुजका वास आला. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. नानासोंची पेवं मात्र कोरडी. उतरलेला गडी वर येऊन म्हणाला, "मालक, आत धूळ उडतीया."

बाजारात चांगली हळद उरली ती नानासोंपाशी. भाव चढत गेला, चढत गेला आणि एका सकाळी जिथं थांबला तो भाव ऐकून नानासोंच्या हातातली पानाची पेटी खाली पडली. त्यांनी रुमालाखाली जो दाबला होता, तोच. त्याच्या वर नाही, त्याच्या खाली नाही.

त्या भावानं सगळा माल गेला आणि गावानं त्यांना हार घातले. नानासो हसले, पेढे वाटले आणि संध्याकाळी एकटेच कुतुबुद्दीन शेठांकडं मिरजेला गेले. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हा माणूस हसेल, पाठीवर थाप मारेल. कुतुबुद्दीन शेठ हसले नाहीत. बराच वेळ ते नानासोंच्या पांढऱ्या तळव्याकडं बघत होते. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"पैसं पोचलं म्हनता."

"पोचलं."

"आन् माल कंचा?"

"त्येनं सांगितलंच न्हाई की."

"मग सांगंल," कुतुबुद्दीन शेठ म्हणाले. "पैसं मोजून माल कोन सोडतंय व्हय, शेठ? तुमी सोडता? मी सोडतो? आधी वानगी न्हेईल. मूठभर माल बघायला. पसंत पडला की मग उचलंल." मग ते म्हणाले, "ह्या खेळाला मला आता बोलवू नका. लय झालं."

घरी परतल्यावर नानासो खोल्याखोल्यांतून फिरले. काय मागेल तो? तिजोरी? नेऊ दे. बंगली? नेऊ दे, दुसरी बांधू. मोटार, झुंबरं, विनोदिनीचे दागिने, सगळं डोळ्यांखालून घातलं आणि प्रत्येक वस्तूपाशी त्यांना हायसं वाटत गेलं. शेवटी माडीवरची खोली आली. खुंटीवर शरयूचा लहानपणचा झगा लटकत होता. तो त्यांनी पाहिला. ते तिथंच जमिनीवर बसले.

"काय झालं हो?" विनोदिनी दारात येऊन म्हणाली.

"उद्या पाचगनीला जायाचं," नानासो म्हणाले. "उन्हाळा लय झालाय हितं."

५

पाचगणीचा बंगला एका पारश्याचा होता. वैशाखात असे बंगले मिळणं मुश्कील, आणि मागितलं ते भाडं देण्याची ऐपत नानासोंची दहा वेळा होती. तरी दारात उभं राहून त्यांनी व्यवस्थापकाशी तासभर घासाघीस केली आणि भाडं पाडूनच आत पाऊल टाकलं. त्यात त्यांना जरा बरं वाटलं. जगाची घडी अजून जागेवर आहे असं वाटलं.

बंगला प्रशस्त होता. लाकडी जमीन, उंच छत, मधोमध लांबलचक जेवणाचं मेज आणि त्यावर जमिनीला टेकणारी पांढरी चादर. बाहेर सिल्व्हर ओकची झाडं सारखी सळसळत. रिकाम्या खोल्यांतून पावलं मोठी वाजत. नानासोंनी पहिलं काम केलं ते मेजावरची चादर काढायला लावली. बंगल्यातल्या खानसाम्यानं नवल केलं आणि काढली.

शाळेतून रजा घेऊन शरयूला दोन दिवस घरी आणलं. ती आली तशी बंगल्यात जीव आला. ती बापाच्या गळ्यात पडली, शाळेतल्या मडमेची नक्कल केली, खानसाम्याला इंग्रजीतून आंबा मागितला. नानासो तिच्या मागं मागं फिरत होते. घोडा झाले, हत्ती झाले. तिचा हात मात्र त्यांनी एकदाही आपल्या उजव्या हातानं धरला नाही.

अक्षय्यतृतीयेची आदली संध्याकाळ होती. विनोदिनीनं पाटा काढून मेंदी वाटली आणि दिवेलागणीला लेकीचे दोन्ही तळवे भरले. मेंदी ओली असेपर्यंत शरयू दोन्ही हात पुढं धरून घरभर नाचत होती. रात्री ती आईच्या कुशीत झोपली. नानासो दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आणि पहाटे कधीतरी त्यांचाही डोळा लागला.

सकाळी विनोदिनीचं रागावणं ऐकून ते जागे झाले. "उजवा हात कुठं घासलास गं? किती सुंदर रंगली असती!"

"मी नाही घासला."

"मग गेली कुठं?"

शरयूनं दोन्ही हात पुढं केले. डावा तळवा लालभडक रंगला होता. उजवा कोरा होता. पुरता कोरा नव्हे. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेला मेंदी जागच्या जागी होती. मधलाच भाग पांढरा पडला होता, एखाद्या मोठ्या माणसानं लहान पोराचा हात मुठीत धरावा तेवढा.

"झोपेत कुणीतरी धरला होता," शरयू म्हणाली. "मला वाटलं आप्पा."

नानासोंना उमगलं. वानगी नेली होती, आणि माल पसंत पडला होता की नाही हे विचारायची सोय नव्हती.

६

"आत्ताच्या आत्ता सांगलीला जायाचं," त्यांनी फर्मान सोडलं. सांगलीतच का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. या घरातून निघायचं, एवढंच. ड्रायव्हर सिद्धूला हाका मारल्या. पण पेट्रोल लढाईवर गेल्यापासून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची, आणि ती भट्टी पेटून धूर धरायला वेळ लागे. "मालक, दुपार हुईल बगा," सिद्धू फुंकणी हातात घेऊन म्हणाला. "तंवर जेवून घ्या की."

विनोदिनीनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. बायकांना कळतं तेवढं तिला कळलं होतं. "अहो, खेळात काही झालंय का? खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "काय विकलंत तुम्ही?"

"म्हाईत न्हाई," नानासो म्हणाले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा बायकोशी खरं बोलले.

 तिनं लेकीला जवळ ओढलं आणि ताटं घ्यायला सांगितलं. पोरीला उपाशी कसं न्यायचं? खानसाम्यानं आमरस काढला, पुऱ्या तळल्या. सण म्हणून त्यानं आपल्या मनानं मेज सजवलं होतं, फुलं ठेवली होती आणि काढून ठेवलेली ती पांढरी चादर पुन्हा पसरली होती. नानासोंचं तिकडं लक्ष गेलं तेव्हा सगळे बसले होते. शरयू मेजाच्या एका बाजूला मधोमध, विनोदिनी तिच्या शेजारी, आणि समोर, मेजाच्या रुंदीपलीकडं, नानासो.

ऊन खिडकीतून थेट ताटांवर पडलं होतं. चमच्यांचा आवाज, बाहेर सिद्धूच्या भट्टीचा फुसफुसाट, झाडांची सळसळ. घाबरण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. आपण उगाच पोरीला ऊर फुटेस्तोवर पळवतोय, असंही नानासोंच्या मनात येऊन गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी पुरी मोडली.

शरयू खुदकन हसली. ती डाव्या हातानं रस खात होती. उजवा हात चादरीखाली होता.

"डाव्या हातानं जेवतात का?" विनोदिनी म्हणाली.

"मग आप्पांना सांग ना," शरयू हसत हसत म्हणाली. "आप्पा, सोडा की माझा हात! गुदगुल्या होतात."

नानासोंचे दोन्ही हात ताटावर होते. दोन्ही हातांत पुरीचा एकेक तुकडा होता. विनोदिनीनं ते हात पाहिले. 

शरयूच्या समोरची चादर हलत होती. अगदी थोडी, बाजारात रुमाल हलतो तेवढी.

७

पुढं जे काही घडलं ते पोरीच्या रसाच्या वाटीवर माशी येऊन बसावी आणि उडावी तेवढ्या वेळात घडलं.

नानासोंना एकच विद्या येत होती. त्यांनी उजवा हात चादरीखाली घातला आणि डोळे मिटले. पुढं वाकून, खांदा मेजाला लावून ते चाचपत गेले. शरयूची चिमुकली बोटं सापडली, आंब्यानं चिकट, उबदार. त्यांच्याभोवती तो हात होता. गार, कोरडा. नानासोंनी त्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या. विकलेला माल परत विकत हवा असला की बाजारात असं करतात. फार क्वचित करतात, कारण परत देणारा मनाला येईल ती किंमत सांगतो.

हात थांबला. मग पोरीची बोटं सोडून तो नानासोंकडं वळला.

घाई नव्हती त्याला. त्यानं नानासोंचा अंगठा धरला, मग एकेक करत उरलेली बोटं, आणि पाचही बोटं एकत्र धरून मनगटापर्यंत दाबली. बाजाराच्या भाषेत याचा अर्थ एकच होतो. सगळं. आत्ता आलेला पैसा नव्हे, तो तर त्याचाच होता. सगळं म्हणजे बंगली आणि बासुंदी, ओल्या वाळ्याच्या दुपारी, अत्तरं, हसणं, रात्रीची झोप, नानासो उगारे नावाचा अख्खा माणूस, पुढं जितका काही उरला असेल तितका. किंमत त्यांना लख्ख कळली. हेही कळलं की ती रास्त आहे. पोरीसाठी त्यांनी ती हसत दिली असती. हो म्हणायचं त्यांच्या मनानं केव्हाच ठरवलं होतं.

फक्त पाची बोटं त्याच्या हातात द्यायची होती, की त्याची मूठ मिटली असती. त्यांनी हात पुढं केला, आणि पुढं करताना करंगळी आपोआप तळव्यात दुमडली गेली.

चार बोटं पुढं गेली.

त्यांनी ते ठरवलं नव्हतं. हातानं केलं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हात हेच करत आला होता. समोरच्यानं सांगितलं की एक बोट कमी द्यायचं, मग बोलणी, मग मधेच कुठंतरी ठरायचं. आपण काय केलं हे नानासोंच्या लक्षात आलं आणि त्यांनी करंगळी झटकन उलगडली. पाची बोटं ताठ पुढं धरली. पण तिथं घ्यायला कुणी नव्हतं. तो घासाघीस करणारा नव्हताच.

त्यांनी डोळे उघडले. शरयू खुर्चीवरून उतरली होती.

"कुठं निघालीस? हात धुऊन घे आधी," विनोदिनी सवयीनं म्हणाली.

पोरीनं ऐकलं नाही. ती दाराकडं चालली होती. उजवा हात डोक्याच्या वर उचललेला, बोटं कशाभोवती तरी घट्ट वळलेली. उंच माणसाचा हात धरून पोर बाजारात चालते तशी. तिला भरभर पावलं टाकावी लागत होती. वर मान करून ती काहीतरी विचारत होती आणि उत्तर आल्यासारखी मान हलवत होती. लाकडी जमिनीवर तिच्या चपला टकटक वाजत होत्या. तेवढाच आवाज होता.

"पाची!" नानासो ओरडले. "पाची दिली! समदं दिलं! घे की रं, समदं घे!"

तोंडच्या बोलीला या बाजारात किंमत नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शरयू पायऱ्या उतरली. लख्ख उन्हात तिची सावली झाडांच्या दिशेनं चालली होती, आणि सावलीचा उचललेला हात बोटांपाशी संपत नव्हता, तसाच आणखी पुढं गेलेला होता.

"अहो, कोण आहे तिच्याबरोबर?" विनोदिनी किंचाळली. ताट उडालं, खुर्ची पडली आणि ती अनवाणी बाहेर धावली. मागोमाग फुंकणी टाकून सिद्धू धावला.

नानासो उठले नाहीत. त्यांचा हात चादरीखाली तसाच पुढं होता, पाची बोटं पसरलेली, कुणीतरी मुठीत घेईल म्हणून. बाहेरून विनोदिनीच्या हाका येत होत्या, आधी फाटकापाशी, मग झाडांच्या पलीकडं, मग फार लांबून. पाय पळायला बघत होते. पण हात बाहेर काढला की सौदा मोडला, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते बसून राहिले.